दोन मिनिटं दहा सेकंदांवरचं 'हाव'

"काय आयकता तुम्ही, काका?" काउंटरमागच्या मुलीनं विचारलं आणि रंगराव म्हणाला, "हाव."

मुलगी हातातला हेडफोनचा डबा तसाच धरून थांबली. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि त्या वर गेलेल्या पाहूनच रंगरावच्या लक्षात आलं की हा प्रश्न 'हाव'चा, नुसत्या होकाराचा, नव्हता. अशा भुवयांशी गेल्या चार-पाच वर्षांत त्याची चांगली ओळख झाली होती. बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवर त्या अशाच वर जात. पंगतीत वाढप्यानं भात की पोळी असं विचारावं आणि यानं 'हाव' म्हणावं, की वाढप्याच्यासुद्धा. मग समोरचा माणूस एकतर हसे, नाहीतर दोन्ही वाढून पुढे जाई. ही मुलगी दोन्हीपैकी काहीच करेना. तिनं डबा खाली ठेवला, पंख्याचं बटण बंद केलं, तोंड नीट त्याच्याकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं, "आयकता काय? गाणे आयकता, का फोनवर बोलायले पाह्यजे, का टीव्ही पाहायले? त्याच्यावर हाय ना कोणता घ्यायचा ते." आता कळलं. आणि कळल्यावर जास्तच अडचण झाली. काय ऐकतो आपण? बासष्ट वर्षांच्या माणसाला असं कोणी विचारत नाही. काय खाता, काय करता, पोरंबाळं किती, हे विचारतात. रंगरावला खरं उत्तर ठाऊक होतं, पण ते बाजारात सांगण्यासारखं नव्हतं. त्याला एकच वाक्य ऐकायचं होतं. ते कोणी गायलेलं नव्हतं, आणि त्यासाठी हेडफोनला पडतील तेवढे पैसे तो मोजायला तयार होता. "असंच," तो म्हणाला. "आवाज साफ पाह्यजे."

मलकापूरच्या स्टेशन रोडवर आपल्याला ओळखणारी शंभर माणसं आहेत म्हणून तो मुद्दाम या मागच्या गल्लीतल्या दुकानात आला होता. दुकान कसलं, टपरीला काचा लावल्या होत्या. वर बुद्धाचा फोटो, त्याला ताजा हार, खाली भिंतभर डबेच डबे. मुलीचं नाव मनाली. ते त्याला आधीच्या गिऱ्हाइकामुळे कळलं, कारण तो ट्रकवाला हायवेवरचाच आवाज घेऊन दुकानात शिरला होता आणि "मनालीताई" म्हणून ओरडला होता. त्याला नागपूरपर्यंत बायकोशी बोलत जायचं होतं. मनालीनं त्याला हजाराच्या आतला, गळ्यात अडकवायचा दिला आणि एकच कान लावायचा, दुसरा हॉर्नसाठी मोकळा ठेवायचा, असं बजावलं. त्याच्यामागून आलेल्या बाईला ऑनलाइन क्लास घ्यायचे होते. तिला महागडा घ्यायची हौस होती, पण मनाली म्हणाली, तुम्हाले बोलायचं हाय, आयकायचं कमी. दोन-अडीचशेचा वायरचा न्या, त्याचा माइक चांगला हाय. गिऱ्हाइकाला स्वस्तात घालवणारा दुकानदार रंगरावनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. प्रत्येकाची गरज ही पोरगी दोन प्रश्नांत काढत होती आणि त्याची पाळी आली तेव्हा तो पहिल्याच प्रश्नाला अडखळला होता.

गरज सांगायची म्हणजे मुळापासून सांगावं लागलं असतं. एकतीस वर्षं रंगराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. चोवीस जिन एका रांगेत चालत, सरकी एकीकडे पडे, रुई दुसरीकडे उडे, आणि मधे उभी असलेली माणसं एकमेकांशी हातानं आणि तोंडाच्या आकारानं बोलत. तिथे कोणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून तिथे कोणी बहिरं नव्हतं. उलट रंगरावच्या कानाची ख्याती होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो बेअरिंगवर टेकवी, मूठ कानामागच्या हाडाला लावी आणि डोळे मिटून सांगे, "हे परवापर्यंत जाते." आणि ते परवापर्यंत जाई. मालकसुद्धा म्हणे, रंगरावच्या कानात सोनं भरलं पाहिजे. सोनं काही भरलं नाही, रुईचा कोंडा तेवढा भरला. निवृत्त होऊन तो घरी आला, घर शांत होतं, आणि त्या शांततेत त्याला पहिल्यांदा कळलं की माणसांच्या बोलण्यातलं काहीतरी गळतं आहे. आवाज येई, आवाज चांगला येई. पण शब्दांची हाडं काढून घेतल्यासारखा नुसता मऊ लगदा येई, आ, ऊ, ए. बायको, अन्नपूर्णाबाई, स्वयंपाकघरातून काही म्हणे तर त्याला त्यातला सूर कळे, अर्थ कळत नसे. सूर प्रश्नाचा असला की तो 'हाव' म्हणे. दहातल्या सात वेळा ते बरोबर निघे.

या 'हाव'च्या भरवशावर त्यानं पाच वर्षं काढली होती. एका हावचा अर्थ होकार, लांबवलेल्या हा-वचा अर्थ विचार करू, आणि नुसत्या मानेसकट हळू म्हटलेल्याचा अर्थ, काय सांगावं बापा, दुनियाच अशी आहे. त्याच्या मुलीची, डिंपलची, पुण्याची मैत्रीण एकदा घरी आली होती, ती हसून म्हणाली होती, काका, आमच्याकडे हाव म्हणजे लोभ. तेव्हा सगळे हसले आणि तोही हसला. काय बोलणं झालं ते रात्री बायकोनं पुन्हा सांगितलं म्हणून कळलं. पण तिचं खरंच होतं. लोभच होता तो. माणसांत बसायचा, माणसांनी आपल्याला धरून बोलायचा लोभ. एकदा का 'कमी ऐकू येतं' म्हटलं, की लोक आपल्याशी बोलायचे थांबून आपल्याबद्दल बोलायला लागतात, हे त्यानं स्वतःच्या बापाच्या बाबतीत पाहिलं होतं. बाप ओट्यावर बसलेला असे आणि येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावरून आईला विचारी, "बुडा जेवला का?" बाप तिथेच, समोर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. रंगरावनं मूठ झाकून ठेवली होती, पण आत काय उरलं आहे ते बघायचीही आता त्याला भीती वाटे.

आणि मग मागचा रविवार आला. डिंपलला पाहायला सोनाळ्याची माणसं आली. मुलगा कुलदीप, खामगावला बियाण्यांच्या कंपनीत. दिसायला साधा, बोलायला कमी. बोलणारा होता तो त्याचा मामा. सोयरीक आणणाऱ्या केसरबाईनं चार दिवस आधीच घरी येऊन, अगदी जवळ बसून सांगितलं होतं, "भाऊजी, मामा जुन्या मताचा माणूस हाय. पोरीच्या नोकरीचं विचारीन. तिथं पक्कं राहजा. नाई म्हणजे नाई म्हणजा." त्यात पक्कं राहण्यासारखं काय होतं, रंगराव तर त्यासाठी भांडायलाही तयार होता. डिंपल मोताळ्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकवत होती. आठ वर्षांची असताना तिनं त्याच्या पिशवीतला टेस्टर काढून घरातल्या सगळ्या बोर्डांना लावून पाहिला होता आणि त्यानं तिला मारलं नव्हतं, फक्त कोरडी चप्पल घालायला लावली होती. पुढं तीन वर्षं तासावर शिकवून मागच्या वर्षी तिची कायमची ऑर्डर आली, त्या दिवशी तिनं ती ऑर्डर बापाच्या हातात दिली आणि त्यानं ती सबंध वाचली, खालच्या शिक्क्यापर्यंत. त्या पोरीची नोकरी सोडायला तो हाव म्हणेल? जीभ झडली तरी नाही.

पण बैठकीत सोळा माणसं होती. कूलर चालू होता, कपबश्या वाजत होत्या. मामा समोरच्या खुर्चीवर सुपारी चघळत होता आणि बोलताना तोंडापुढे हात धरत होता. तो बराच वेळ काहीतरी बोलला. रंगराव सुरावर चालला होता. पाऊसपाणी, सोयाबीन, रस्त्याचं काम, हाव, हाव. मग मामा थोडा थांबला, पुढे वाकला, रंगरावकडे रोखून पाहत त्यानं काहीतरी विचारलं, आणि रंगराव चांगल्या ठसठशीत आवाजात म्हणाला, "हाव." खोली एकदम गप्प झाली. कूलरच तेवढा चालू. कुलदीपनं खाली पाहिलं. डिंपल दारात ट्रे घेऊन उभी होती, ती बापाकडे पाहतच राहिली. असं तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आणि मामा? मामा उठला, आपली खुर्ची सोडून रंगरावच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, मोकळेपणी कापसाच्या भावाबद्दल बोलू लागला. त्यातला शब्दन् शब्द रंगरावला ऐकू आला. मनासारखं झालं की माणसाचा आवाज कसा उघडतो, असं त्याच्या मनात आलं. आपण कशाला हाव म्हटलं?

आज शुक्रवार होता. परवाच्या रविवारी सोनाळ्याची माणसं तारीख काढायला पुन्हा येणार होती, आणि तारीख निघाली की दिलेला शब्द मागे घेता येत नाही. म्हणजे हाती होता एक दिवस. विचारावं कोणाला? अन्नपूर्णाबाईला? 'मी त्या दिवशी कशाला हाव म्हणलं?' असं विचारणं म्हणजे पाच वर्षांची मूठ स्वतःच्या हातानं उघडणं. आणि घरातलं वारंही फिरलं होतं. लग्न झाल्यापासून अन्नपूर्णाबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिची हाक एकच, "आयकलं का जी?" मोरीतून, गच्चीवरून, शेजारच्या घरातून, दिवसातून पन्नासदा. गेल्या पाच दिवसांत ती हाक एकदाही आली नव्हती. ती आता जवळ येऊन, खांद्याला हात लावून, काय असेल ते थोडक्यात सांगे आणि जाई. चिडली होती, उघडच होतं. एवढं समजावून सांगितलं आणि ह्यांनी पोरीचं नशीब हाव म्हणून देऊन टाकलं, असंच तिच्या मनात असणार. डिंपलचं तर विचारूच नका. पूर्वी ती आतल्या खोलीतून मोठमोठ्यानं बोले, बसमधल्या गमती सांगे, त्यातल्या निम्म्या त्याला कळत नसत पण तो हसे. आता ती समोर येऊन बसे, परक्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून बोले. "बाबा. चहा. घेता का?" बुधवारी ती कामावरही गेली नाही. दिवसभर फोनवर होती, आणि संध्याकाळी त्याच्या पुढ्यात बसून म्हणाली, "सोमवारी. अकोल्याले. जाऊ आपण." तो हाव म्हणाला. बस्त्याला, दुसरं काय. तारीख निघायच्या आधीच पोरगी साड्या घ्यायला निघाली, म्हणजे तिनं मनानं नोकरी सोडलीसुद्धा, आणि सोडताना बापाला एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्या बुधवारी रंगराव जेवला नाही.

मग त्याला तो व्हिडिओ आठवला. अन्नपूर्णाबाईच्या भाच्यानं, शिवमनं, बैठकीत मोबाइल फिरवून चार मिनिटांचा व्हिडिओ केला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकला होता. बहुतेक वेळ त्यात पोह्यांच्या प्लेटी आणि कोणाचंतरी रडकं मूल दिसत होतं, पण दोन मिनिटं दहा सेकंदांवर रंगरावचं ते 'हाव' होतं. ते त्याला साफ ऐकू येई, स्वतःचाच आवाज, जाड आणि बिनधास्त. त्याच्या आधीचं मामाचं वाक्य मात्र नुसतं ऊऽ, एऽ, आऽ. दोन दिवस तो फोन कानाशी धरून गच्चीवर बसला, मोरीत बसला, शेवटी पांघरुणातही बसला. त्यानं ते चाळीस-पन्नास वेळा ऐकलं असेल. वाक्य प्रश्नाचं होतं एवढंच कळलं. प्रश्नाचं होतं हे तर त्या दिवशीही कळलं होतं, त्यानंच तर घात केला. हेडफोननं कदाचित जमेल, असं वाटून तो आज जेवण झाल्यावर 'जरा स्टेशनाकडे जाऊन येतो' म्हणून निघाला होता. बुडत्याला काडीचा आधार, त्यातली ही काडी वायरची.

"बजेट किती हाय?" मनालीनं विचारलं. "त्याचं नको पाहू," रंगराव म्हणाला. असं म्हणणारं गिऱ्हाइक तिला नवं असावं, कारण तिनं त्याच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं, आणि मग ती खालूनच सुरू झाली. आधी दोनशेचा वायरचा. त्यानं तो कानात खुपसला, फोन हातात घेतला, अंगठ्यानं बरोबर जागा गाठली. ऊऽ, एऽ, आऽ. हाव. मग गळ्यातला. मग ते शेंगदाण्याएवढे, नुसते कानात बसवायचे. त्यातला एक त्याच्या कानातून निसटून काउंटरखाली गेला आणि मनालीला वाकून शोधावा लागला. ऊऽ, एऽ. हाव. "आवाज येऊन राह्यला का?" तिनं हातवारे करून विचारलं. आवाज येतच होता, जास्तच येत होता. पण मोठा केला म्हणून काही त्या लगद्याला हाडं येत नव्हती. शेवटी तिनं वरच्या फळीवरून सगळ्यांत महागडा उतरवला, अख्खा कान झाकणारा, काळा, गादीसारखा मऊ. बाहेरचा आवाज हा खाऊन टाकतो, म्हणाली. त्यानं तो चढवला. गल्लीतली मोटारसायकल गेली, लोहाराची ठोकठोक गेली, पलीकडून जाणारी मालगाडीसुद्धा पातळ झाली, आणि त्या सगळ्याच्या खाली कानातली ती कायमची शिट्टी तेवढी उरली, जिनिंग बंद झाल्यावर सगळ्यांत शेवटी थांबणाऱ्या पट्ट्याची असते तशी. त्यानं बटण दाबलं. मामा बोलला. ऊऽ, एऽ, आऽ. आणि मग रंगराव, इतका जवळून की जणू डोक्याच्या आत बसलेला: हाव. त्याला त्या आवाजाचा इतका कंटाळा आला की त्यानं हेडफोन काढून काउंटरवर ठेवला आणि नुसता उभा राहिला. पाय दुखत होते. घरी जाऊ नये असं वाटत होतं.

"काय झालं, काका? काय आयकून राह्यले तुम्ही एवढं?" मनालीनं विचारलं. तिचा चेहरा नीट समोर होता, म्हणून शब्द आले. रंगराव खोटं बोलला, सवयीनं बोलला. "हे रेकॉर्डिंग खराब हाय. पोरीच्या सोयरिकीची बैठक हाय. एक जण काय म्हणते ते नीट समजत नाई. तू आयकून पाहय बरं." त्यानं फोन तिच्या हातात दिला. आता ही परकी पोर ते ऐकणार होती, 'मुलगी नोकरी सोडीन ना?' आणि त्यावर बापाचं ते बिनधास्त 'हाव', आणि हिच्याही भुवया वर जाणार होत्या. पण निदान कळेल. निदान आज घरी जाऊन डिंपलला सांगता येईल, मी शब्द मोडतो, माझी लाज जाऊ दे, तू मोताळ्याची बस पकड.

तिनं तो काळा हेडफोन चढवला, ऐकलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. भुवया वर गेल्या नाहीत. तिचा चेहरा मऊ पडला. त्या दिवशी दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या डिंपलचा पडला होता तसाच. ती काहीतरी म्हणाली. नेमका गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर अडकला आणि हॉर्न देऊ लागला. ती पुन्हा म्हणाली. त्याच्या हाती '...का जी' एवढंच लागलं. तेव्हा तिनं रिकाम्या डब्याचा पुठ्ठा ओढला, मार्कर काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं चष्मा लावला.

'तुम्हाले कमी आयकू येते का जी?'

रंगरावच्या डोक्यात तिडीक गेली. एवढीशी पोर, दोन डबे काय दाखवले आणि लागली तपासायला. "मले काऊन विचारते?" तो ओरडलाच. "मी तुले त्याच्यातलं विचारून राह्यलो! तो माणूस काय म्हणते ते सांग ना!"

मनाली घाबरली नाही. ट्रॅक्टर निघून जाईपर्यंत ती थांबली, मग काउंटरवरून पुढे झुकून, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, "त्याच्यातलंच हाय, काका. हेच विचारलं त्यायनं. अन् तुम्ही हाव म्हणले."

तो पुठ्ठ्याकडे पाहत राहिला. मार्करची शाई अजून वाळली नव्हती. म्हणून मामा उठून शेजारी येऊन बसला होता तर. आणि गुडघ्यावरचा हात. आणि ते कापसाचं मोठ्यानं बोलणं. खांद्याला लागणारा अन्नपूर्णाबाईचा हात. समोर बसून एकेक शब्द नीट तोंड उघडून बोलणारी डिंपल. सोमवारचं अकोला, अकोल्याला बस्ता नव्हता, कानाचा डॉक्टर होता, तो सबंध दिवस फोनवर बसून तिनं नंबर लावला होता. सोळा माणसांसमोर आपण कबूल केलं होतं. ते आपण सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि कोणी त्याच्या डोक्यावरून बोललं नव्हतं. पाच दिवस घरची माणसं फक्त जवळ येत होती आणि तो त्यांना रागावलेली समजत होता. नोकरीचं तर त्या मामानं काढलंही नव्हतं. रंगरावला हसू यायला हवं होतं. पण तो फार दमला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही त्याचा हात लवकर उठेना.

मनालीनं महागडा हेडफोन डब्यात घातला, डबा फळीवर परत ठेवला आणि पाठमोरी असतानाच काहीतरी विचारलं. सूर प्रश्नाचा होता. रंगरावच्या जिभेवर शब्द तयार होता, पाच वर्षं तो तिथे तयारच असे. त्यानं तो गिळला. ती वळेपर्यंत तो थांबला.

"आयकू नाई आलं, पोरी," तो म्हणाला. "मले कमी आयकू येते. इकडे पाहून पुन्हा सांग."